सही खरी कशावरून?

माझा अल्बम चाळणारा जवळजवळ प्रत्येक जण मध्येच थांबून विचारतो, "पण या सह्या खऱ्या आहेत हे तुम्हाला कसं कळतं?" खेळाडूंच्या सह्या असलेली ट्रेडिंग कार्ड्स, म्हणजे पाकिटांतून विकली जाणारी खेळाडूंची छापील चित्रं, मी बरीच वर्षं जमवतोय, त्यात बेसबॉलची सर्वांत जास्त. प्रत्येक वेळी घाईत काहीतरी अर्धवट सांगतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट लिहितो.

लोकांना वाटतं, मी भिंग घेऊन अक्षरांचं वळण तपासत असेन. तेही करतो, पण सगळ्यात शेवटी. आवडत्या खेळाडूची सही आधी पाहिली की मन तिची वकिली करू लागतं. म्हणून मी सुरुवात वेगळीकडून करतो. हे कार्ड, ही शाई आणि हा हात एकत्र येणं शक्य तरी होतं का?

पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचा रॉबर्टो क्लेमेंटे ३१ डिसेंबर १९७२ रोजी विमान अपघातात गेला. निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन तो निघाला होता. टॉप्स या कार्ड छापणाऱ्या कंपनीचं त्याचं १९७३ चं कार्ड लोकांच्या हाती पडलं ते त्यानंतर. त्या कार्डावर क्लेमेंटेची सही दिसली, तर भिंग काढायचं कारणच उरत नाही. शाईचंही तसंच. जुने बेसबॉलपटू घ्या. लू गेरिग १९४१ मध्ये वारला. अमेरिकेतल्या दुकानांत बॉलपेन आलं १९४५ च्या ऑक्टोबरात. बेब रूथ गेला १९४८ मध्ये आणि शार्पी मार्कर आला १९६४ मध्ये. एका गृहस्थांनी मला मार्करने केलेली रूथची सही दाखवली होती. वडिलांनी जपून ठेवलेली, त्यांच्या मागे यांच्याकडे आलेली. माणूस अगदी सरळ होता, वडीलही तसेच असणार. त्यांना ही दोन सालं सांगताना मला फार जड गेलं.

पुढची पायरी सोपी आहे, तरी नवखे तिथेच अडकतात. टॉप्सच्या १९५२ आणि १९७५ च्या कार्डांवर खेळाडूची सही मुळातच छापलेली असते. कार्ड उजेडात तिरकं धरा. हाताने केलेल्या सहीची शाई पृष्ठभागावर बसलेली दिसते, छापील सही चित्राचाच भाग असते.

यानंतर वळणाकडे. खरी सही घाईत झालेली असते. खेळाडूने ती हजारो वेळा केलेली असते, त्यामुळे पेन टेकण्याआधीच हात चालू झालेला असतो आणि पेन उचलल्यावरही तो थांबलेला नसतो. रेघ सुरुवातीला आणि शेवटी निमुळती होते, मधली अक्षरं खाल्लेली असतात. नकली सही कित्ता गिरवल्यासारखी असते. सुरुवातीला शाईचा ठिपका, सगळीकडे सारखा दाब, वळणावर बारीक थरथर, पेन उचलायला नको तिथे उचललेलं. अतिशय सुवाच्य, प्रत्येक अक्षर लागणारी सही समोर आली की मी सावध होतो. मात्र एक भान ठेवावं लागतं: तरुणपणीची सही आणि निवृत्तीनंतरची सही यांत खूप फरक पडतो. जुळवून पाहायची तर त्याच काळातल्या, खात्रीच्या पाच-दहा सह्यांशी. चकचकीत कार्डावर मार्करची शाई नीट धरत नाही, तिच्यात बारीक बुडबुडे दिसतात. त्यावरून सही खोटी ठरवू नका. पुष्कळ खऱ्या सह्यांचं हेच होतं.

आता माझं झालेलं नुकसान. सुरुवातीच्या काळात मी एका विक्रेत्याकडून सही केलेलं कार्ड घेतलं. सोबत सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र होतं. काही महिन्यांनी त्याच खेळाडूचं दुसरं सही केलेलं कार्ड एकाच्या संग्रहात दिसलं आणि काहीतरी खटकलं. दोन्हींचे फोटो एकाच मापाचे करून एकावर एक ठेवले. रेघेवर रेघ बसली. माणूस स्वतःची सही दोनदा तंतोतंत सारखी करू शकत नाही, ऑटोपेन नावाचं यंत्र करतं. त्याची रेघ एकसुरी असते, कारण यंत्राचा दाब बदलत नाही. पैसे परत मिळाले नाहीत. त्या दिवसापासून प्रमाणपत्राचा कागद माझ्या लेखी फक्त कागद आहे.

तो किती फसवा असतो हे अमेरिकेच्या एफबीआयने ऑपरेशन बुलपेन या खोट्या सह्यांविरुद्धच्या मोहिमेत दाखवून दिलं. सॅन दिएगो पाड्रेस या बेसबॉल संघाच्या टोनी ग्विनला आपल्याच संघाच्या दुकानात आपल्याच नावाच्या खोट्या सह्या दिसल्या होत्या. १९९९ च्या ऑक्टोबरात छापे पडले तेव्हा कॅलिफोर्नियातली मोठी टोळी सापडली. तिने बाजारात सोडलेल्या खोट्या मालाची किंमत १० कोटी डॉलरपर्यंत असावी असा अंदाज होता. त्या मालात मदर तेरेसांच्या सहीचा बेसबॉलही होता! आणि मालासोबत प्रमाणपत्रंही जात होती.

म्हणून नवख्याला मी नेहमी सांगतो, पाकिटातून निघणाऱ्या सहीच्या कार्डांपासून सुरुवात करा. अपर डेक या कार्ड कंपनीने १९९० मध्ये बेसबॉलपटू रेजी जॅक्सनची हाताने सही केलेली, क्रमांक घातलेली २,५०० कार्ड्स पाकिटांत घातली आणि हा प्रकार रूढ झाला. इथे सहीची हमी कार्ड छापणारी कंपनीच घेते आणि ती हमी कार्डाच्या मागे छापलेली असते. मागची बाजू वाचाच. कारण त्याच मालिकेतल्या बिनसहीच्या साध्या कार्डावर कुणीतरी सही ठोकून ते पाकिटातलं म्हणून विकतो, आणि पुढून दोन्ही सारखीच दिसू शकतात. काही कार्डांवर पारदर्शक स्टिकर असतो. खेळाडू स्टिकरवर सही करतो, कंपनी तो नंतर चिकटवते. ती सही खरी असली तरी मला थेट कार्डावरची अधिक प्रिय आहे, कारण ते कार्ड खेळाडूच्या हाताखालून गेलेलं असतं.

इथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. २०१७ मध्ये सह्या तपासून देणाऱ्या बेकेट कंपनीने पनिनी या कार्ड कंपनीच्या प्रिझम मालिकेतली अमेरिकन फुटबॉलपटू डॅक प्रेस्कॉटची काही कार्ड्स नाकारली, कारण त्यांवरच्या सह्या यंत्राने केल्यासारख्या दिसत होत्या. पाकिटातून निघालेली, कंपनीची हमी असलेली कार्ड्स होती ती.

जुन्या किंवा समोर उभं राहून घेतलेल्या सह्यांसाठी पीएसए, जेएसए, बेकेट या सह्या तपासणाऱ्या कंपन्यांचं मत घ्यावं. ते मतच असतं, पण शेकडो नमुने पाहिलेल्या डोळ्यांचं. प्लास्टिकच्या सीलबंद खोक्यात, म्हणजे स्लॅबमध्ये, आलेलं कार्ड घेताना त्यावरचा क्रमांक त्या कंपनीच्या साइटवर टाकून बघा. नुसता क्रमांक सापडला म्हणजे झालं नाही, कारण खऱ्या कार्डाचा क्रमांक उचलून नकली लेबलवर छापता येतो. तिथे फोटो असेल तर कोपरे, छपाईचे ठिपके, सहीचं शेवटचं टोक कुठे थांबतं, सगळं एकेक करून जुळवा. विक्रेत्याला मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ करत असेल, तर मी तिथूनच परत फिरतो.

ते यंत्राच्या सहीचं कार्ड मी टाकलेलं नाही, विकलंही नाही. मागे पेन्सिलने 'ऑटोपेन' असं लिहून अल्बमच्या शेवटच्या कप्प्यात ठेवलंय. पुढच्या वेळी याल तेव्हा ते खऱ्या कार्डाशेजारी ठेवून दाखवीन. भिंग माझ्याकडे आहे.