बाबा, ब्रेक आणि शुगर

बाबा आता ७४ चे झालेत पण गाडीची किल्ली अजून त्यांच्याच खिशात असते, आणि ती मागायची हिंमत घरात कुणालाच नाही, आईला तर नाहीच नाही.

आधी मोतीबिंदू झाला. रात्री समोरच्या गाडीचा लाइट फुटल्यासारखा दिसतो म्हणायचे. ऑपरेशन झालं, महिन्याभरात परत कर्वे रोडला स्वारी निघाली, म्हणजे तो आजार बरा होणारा तरी होता. पण खरा घोळ शुगरचा. इतक्या वर्षांच्या डायबेटिसने तळपाय बधिर झालेत, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, मग ब्रेकवर किती जोर पडतोय ते कसं कळणार? वर इन्सुलिन चालू, म्हणजे जेवण लांबलं की शुगर खाली, हात थरथरतात, डोळ्यापुढे अंधारी. हे सिग्नलला झालं तर?

आपल्याकडे पंचावन्नच्या पुढे लायसन्स ५-५ वर्षांनीच रिन्यू होतं, डॉक्टरचा फॉर्म वन-ए लागतो. बाबांचा फॉर्म डॉक्टरांनी दोन मिनिटात भरला, पायाला हातही लावला नाही. (बाबा खूश, मी गप्प.)

गेल्या महिन्यात पार्किंगमध्ये गाडी हळूच भिंतीला टेकली. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी भाजीला निघालो तर गुपचूप डावीकडच्या सीटवर जाऊन बसले, आणि कोपऱ्यावर वळायच्या आधीच सुरू, "अरे सेकंड टाक, सेकंड!"