तुम्ही विचारलंत म्हणून: दिवसाला किती सुटतात?

मी कोल्हापुरात ॲपवरनं हॉटेलचं जेवण घरपोच देतो. हॉटेलबाहेर ऑर्डरची वाट बघत थांबलं की कोण ना कोण विचारतंच, "भावा, दिवसाला किती सुटतात?" कधी कॉलेजचं पोरगं असतं, कधी शिरोली एमआयडीसीत कामावरनं कमी केलेला कोणतरी, आणि त्याच्या पोटातला पुढचा प्रश्न मला कळतो, मीपण लागू काय म्हणून.

मी आकडा सांगत नाही. संध्याकाळी ॲपवर दिसतो तो नुसता जमा झालेला असतो, सुटलेला वेगळा, आणि तो काढायला बसलं की बऱ्याच जणांचं मन उडतं. पेट्रोल शंभरच्या वर लिटर, गल्लीबोळ आणि सिग्नल करत माझी गाडी पंचेचाळीसच्या पुढं काय देत नाही, म्हणजे किलोमीटरला सव्वादोन-अडीच रुपये नुसते जळाले. आता राजारामपुरीतनं फुलेवाडीला पार्सल दिलं, तिथनं परत यायचं कुणाच्या खर्चानं? तिकडनं उलटी ऑर्डर क्वचित मिळते, रिकामंच यायचं. ऑइल, टायर, ब्रेक लायनर, क्लच प्लेट, नेट पॅक, पावसात बुडून गेलेला मोबाईल, सगळं आपलंच. आणि हॉटेलवाला "झालंच, पाच मिनिटं" म्हणत अर्धा तास उभा करतो तो वेळ कुठल्या खात्यात धरायचा ते मला अजून जमलेलं नाही.

रविवार दुपार तर विचारूच नका. पांढरा रस्सा पिशवीत गाठ मारून देतात, शेजारी तांबडा, वर सुक्कं. एका खड्ड्यात गाठ सुटली की बॅगेत रंकाळा तलाव. गाठ हॉटेलनं मारलेली, खड्डा महापालिकेचा, वेळ कंपनीनं ठरवलेली, पण दारात उभा मी, त्यामुळं रेटिंग माझं पडतं. आणि रेटिंग पडलं की ऑर्डरी कमी का झाल्या हे सांगणारं माणूसच नसतं, चॅटवर तीच ती उत्तरं येत राहतात. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती रस्ते बंद, ॲप मात्र महाद्वार रोडवरनंच जा म्हणतंय. जयंती नाल्याचं पाणी व्हीनस कॉर्नरला आलं की तेच. गिऱ्हाईक वाईट असतात असं नाही ओ, पेठेत तर "तालमीपाशी थांबा, मीच येतो" म्हणून लोक स्वतः येतात, पाणी विचारतात. फ्लॅटवाले काही काही लिफ्ट वापरू देत नाहीत, ते सोडा.

मी आधी फौंड्रीत होतो. तिथं धग, धूळ, मुकादमाच्या शिव्या. इथं शिव्या देणारं कोण नाही आणि पैसे आठवड्याला खात्यावर येतात, हे मला आवडतं, खोटं कशाला बोलू. पण तिथं हात भाजला तर ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं, कार्ड होतं, पीएफ कापला जायचा. इथं हात मोडला तर त्या दिवसापासनं कमाई बंद, गाडीचा हप्ता मात्र चालूच.

आणि हे कोण सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्या गाडीचा विमा खाजगी वापराचा असतो. त्याच गाडीवर भाड्यानं माल नेत असताना अपघात झाला, तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम विमा कंपनी नाकारू शकते, पॉलिसीच्या कागदावर तशी अटच असते. आमच्या ॲपवाल्यांचा अपघात विमा आहे, पण तो ऑर्डर चालू असताना. मग फुलेवाडीहून रिकामा परत येताना कुणी धडकलं तर मी कुणाचा? दोन्हीकडचे कागद वाचले की लक्षात येतं, त्या रस्त्यावर आपण कुणाचे हे नक्की कुणी सांगत नाही. अंगावर टी-शर्ट मात्र त्यांचाच.

कायदा आलाय म्हणतात, आलाय की. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराचं, म्हणजे आमच्यासारख्या ॲपवर कामं करणाऱ्यांचं, नाव आहे, ती 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झाली. कंपन्यांनी वर्षाच्या उलाढालीतला एक ते दोन टक्के हिस्सा आमच्या सामाजिक सुरक्षेच्या निधीत भरायचा, पण आम्हाला देतात त्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या वर नाही. राजस्थाननं तर 2023 लाच स्वतःचा कायदा केला. पण व्याख्याच अशी की आपण नेहमीच्या मालक-नोकर नात्याच्या बाहेरचे, त्यामुळं किमान वेतन, ओव्हरटाइम हे काय मागता येत नाही. निधीतनं पुढं विमा, दवाखाना काय मिळेल ते मिळेल, आज रस्त्यावर किलोमीटरला किती द्यायचे ते ॲपच ठरवतं, आणि ते मधेच बदललं तरी आपल्याला ऑर्डर आल्यावरच कळतं.

तर लागायचं असेल तर लागा, मी कोण अडवणार. फक्त या कामासाठी म्हणून नवी गाडी हप्त्यावर काढू नका, आहे ती वापरा, आणि पहिल्या दिवसाच्या आधी विमा एजंटला फोन करून सरळ विचारा की डिलिव्हरी केली तर चालतंय काय. ई-श्रमची, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवरची, नोंदणीपण करून घ्या, फुकट आहे, आधार आणि त्याला जोडलेला मोबाईल नंबर लागतो.