शिलोंड्याच्या ओढ्याने चालताना

जून लागला की ओळखीपाळखीचे लोक विचारतात, नॅशनल पार्कातला सगळ्यात भारी धबधबा कुठला? मी दहिसरला राहते आणि नोकरीचा सगळा काळ महापालिकेच्या पाणी खात्यात नकाशे काढण्यात गेला, त्यामुळे आसपासचं सगळं पाणी हिला ठाऊक असणार असा लोकांचा समज आहे. माझं उत्तर ठरलेलं असतं: शिलोंडा. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो, किती उंच आहे? उंच नाहीये. फोटोत मावणार नाही एवढं पाणी तिथे कोसळत नाही. तरी मी पुन्हा पुन्हा शिलोंड्याचंच नाव घेते, कारण तिथे तुम्ही धबधब्यापाशी जाऊन उभे राहत नाही, तर पाण्याच्या सोबतीने चालता.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणजे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं डोंगराळ जंगल, बोरिवलीपासून ठाण्यापर्यंत पसरलेलं. यातला एकही डोंगर पाचशे मीटरचा नाही. पण पश्चिमेला समुद्र इतका जवळ आहे की नैर्ऋत्येकडून आलेल्या ढगांना सपाट शहर ओलांडल्यावर पहिला चढ हाच लागतो. ढग वर सरकतात, गार होतात आणि रिकामे होतात. बोरिवली स्टेशनवर भुरभुर असते तेव्हा कान्हेरीच्या माथ्यावर धो धो कोसळत असतो, हे मी कितीदा तरी अनुभवलंय.

ते पाणी खाली येताना पायऱ्या करत येतं, कारण खडकच तसा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचत गेले, त्यातलाच हा पश्चिमेकडचा भाग. काही थर घट्ट, काही भुसभुशीत. भुसभुशीत थर आधी झिजतो, घट्ट थराचा ओठ पुढे राहतो आणि त्या ओठावरून ओढा उडी मारतो. शिलोंड्याच्या वाटेवर अशा लहान लहान उड्या एकामागून एक लागतात. मधे सपाट कातळ, मग डोह, मग परत उडी. माझी नणंद नाशिकहून आली होती, तिला मी हौसेने घेऊन गेले. पहिली उडी बघून ती म्हणाली, "वहिनी, एवढ्यासाठी एवढं चाललो?" मी काही बोलले नाही. पुढच्या डोहापाशी ती स्वतःच खाली बसली आणि कातळावरच्या गोल खळग्यांमध्ये बोटं घालून बघायला लागली. पाण्याबरोबर फिरणाऱ्या गोट्यांनी खडकात कोरलेले खळगे असतात ते, रांजणखळगे. किती वर्षं लागत असतील, असं तिने विचारलं. त्यानंतर परतीची घाई तिने केली नाही.

या वाटेवर परवानगी काढून, उद्यानाचा गाइड घेऊन जायचं असतं. काही जणांना ते जाचक वाटतं. मला मुळीच वाटत नाही, आणि त्याचं कारण त्याच ओढ्यावर पाहिलेली एक गोष्ट आहे. ऑगस्टमधली सकाळ. डोक्यावर ऊन, आभाळाचा तुकडा निळा. आमचा लहानसा घोळका ओढ्यातल्या दगडांवरून पलीकडे जायच्या बेतात होता. आमच्याबरोबरचा गाइड उद्यानातल्या एका पाड्यावरचा मुलगा. तो पाण्याकडे बघत थांबला आणि म्हणाला, "ताई, पान यायला लागलं." मला आधी कळेना. मग दिसलं. मघापर्यंत नितळ असलेल्या पाण्यावर सुकी पानं, काड्या, थोडासा फेस वाहून येत होता. त्याने सगळ्यांना मागे घेतलं, काठाच्या वरच्या अंगाला उभं केलं. पाण्याचा आवाज आधी जाडसर झाला, मग रंग लालसर मातकट झाला, आणि बघता बघता आम्ही ज्यांच्यावर पाय ठेवणार होतो ते दगड दिसेनासे झाले. आमच्या अंगावर तोवर एक थेंब पडला नव्हता. "वरती पडतोय," एवढंच तो म्हणाला.

नोकरीत पाणलोट क्षेत्राच्या रेषा मी शेकड्यांनी काढल्या. कुठल्या उताराचं पाणी कुठे गोळा होतं, हे कागदावर मला पाठ होतं. पण काड्या आणि पानं बघून वरच्या डोंगरावरचा पाऊस ओळखायचा, हे मी त्या मुलाकडून शिकले. म्हणून कळकळीने सांगते, ओढा गढूळ झाला, पाला यायला लागला किंवा आवाज बदलला तर तेव्हाच काठ सोडून उंचावर जा आणि ओसरेपर्यंत थांबा. ओढे छोटे असतात, डोंगर तीव्र उताराचे असतात, कातळ पाणी मुरू देत नाही. जसं झपाट्याने चढतं तसं ते बऱ्यापैकी लवकर उतरतंही. आणखी एक: हिरव्या शेवाळाला सगळे घाबरतात, पण कोरडा वाटणारा काळा कातळ जास्त दगा देतो. त्यावर शेवाळाचा पातळ थर असतो, तो डोळ्यांना दिसत नाही.

गाइड हवाच म्हणणारे आणखीही काही जण तिथे राहतात. तिबोटी खंड्या पावसाळ्यात इथे पिल्लं काढतो. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून तो घरटं बांधतो, म्हणजे नेमकं तिथेच, जिथे लोक फोटोसाठी चढतात. मुठीएवढा पक्षी, पण रंग असे की पहिल्यांदा दिसला तेव्हा मला बोलताच येईना. शीळकरी कस्तूर मात्र आधी ऐकूच येतो. पहाटे ओढ्याच्या आवाजावरून वर चढणारी त्याची शीळ अगदी माणसाची वाटते, कोणीतरी निवांत चालत येतंय अशी. स्पीकर लावून चालणाऱ्यांना हे दोघेही कधी भेटणार नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. उतारावर दोन्हीकडे कारवी असते. २०१६नंतर ती २०२४ला फुलली तेव्हा सगळा उतार जांभळा झाला होता. आता पुढचा बहर २०३२ला. मधल्या वर्षांत तिच्याकडे कोणी बघत नाही, पण पावसाचा मार पानांवर झेलून उताराची माती मुळांनी धरून ठेवायचं तिचं काम दरवर्षी चालूच असतं.

पाण्याच्या माणसाला याहून मोठी मेजवानी कान्हेरीत आहे. शंभराहून अधिक लेण्यांचा हा डोंगर बहुतेक लोक मूर्ती आणि चैत्यगृह पाहून उतरतात. मी म्हणते, भर पावसात जा आणि जमिनीकडे बघत चाला. लेण्यांच्या माथ्यावर, दारांशी, पायऱ्यांच्या कडेने खडकात बारीक पन्हळी कोरलेल्या आहेत. उतारावरचं पाणी त्या गोळा करतात आणि लेण्यालगतच्या टाक्यात सोडतात. इथल्या शिलालेखांत या टाक्यांना पोढी म्हटलंय, आणि ती खोदून देणाऱ्या दात्यांची नावंही कोरलेली आहेत. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी त्या पन्हळींना उतार दिला, त्यांचा हिशेब अजून चुकलेला नाही; मी छत्री बाजूला ठेवून पन्हळीतलं पाणी टाक्यात पडताना बघितलंय. दोन बाजूंच्या लेण्यांमधल्या घळीतून ओढा धबधबत खाली जातो. तिकडे सगळ्यांची गर्दी. पन्हळींपाशी कोणी नसतं.

हे सगळं पाणी पुढे कुठे जातं? उद्यानाच्या बोरिवलीकडच्या उतारांवरचे ओढे दहिसर आणि पोयसर नद्यांना मिळतात. मिठीला विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचं पाणी मिळतं. दहिसर नदी तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावते आणि जेमतेम बारा किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीत जाते. माझ्या घराजवळून जाते तेव्हा तिला सगळे नाला म्हणतात. मी नदीच म्हणते, आणि शेजारच्या मुलांनाही तसंच म्हणायला लावते. उद्यानाच्या आत तिचा तळ दिसतो, पाऊस थांबला की थोड्याच वेळात ती पुन्हा नितळ होते. बाहेर दोन्ही बाजूंना भिंती, आणि पाण्याला पसरायला जागा नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, त्या दिवशी मिठीचं नाव देशभर झालं, पण आमची दहिसर नदीही पात्र सोडून घराघरांत शिरली होती. तेव्हापासून जोराची सर आली की माझं लक्ष आमच्या गल्लीकडे नंतर आणि डोंगराकडे आधी जातं. जंगलातला पालापाचोळा, मुळं, डोह जेवढं पाणी अडवतील तेवढं ते आमच्याकडे सावकाश येईल. हे जंगल शहराचं फुप्फुस आहे असं सगळे म्हणतात. आम्हा दहिसरकरांसाठी ते धरणही आहे.

वसईच्या खाडीपलीकडे तुंगारेश्वर अभयारण्यातही ओढ्याकाठची छान वाट आहे, मंदिरापर्यंत आणि पुढे. चिंचोटीला मात्र पावसाळ्यात जाऊ नका. तिथल्या डोहात फार जीव गेलेत, आणि म्हणून बंदी घातली जाते. ती मोडून आत शिरण्यात काहीही शौर्य नाही.

शिलोंड्यासाठी माझी आवड म्हणाल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. पाऊस मोकळीक देतो, ओढा भरलेला असतो पण चिडलेला नसतो, आणि डोहांचा तळ दिसायला लागतो. डिसेंबरपर्यंत बरेचसे ओढे आटतात, तेव्हा दिवाळीनंतर धबधब्याच्या आशेने येऊ नका. उद्यान सोमवारी बंद असतं. परवानगीची चौकशी आधी करून ठेवा, लहान गटात जा, आणि रबरी तळव्याचे जुने बूट घाला. कान्हेरी वेगळ्या दिवशी ठेवा. तिथे निदान अर्धा दिवस लागतो, आणि वर जातानाच परतीची शेवटची बस कधी सुटते ते विचारून घ्या.