रिसी: स्लोवाकियातून चढा आणि स्लोवाकियातच उतरा, कृपया

रिसी म्हणजे टाट्रा पर्वतातलं, स्लोवाकिया आणि पोलंडच्या हद्दीवरचं शिखर. नकाशावर त्याच्या दोन्ही बाजूंना लाल रेघ आहे. स्लोवाकियातून वर जाणारी लाल, टोकावरून पलीकडे पोलंडात उतरणारी पण लाल. आम्ही तिघं शहाणे, म्हटलं रंग एक म्हणजे रस्ता पण तसाच असणार. तर सगळ्यात आधी हे डोक्यात घाला की टाट्रामध्ये वाटेवर रंगवलेल्या पट्टीच्या रंगाचा अवघडपणाशी काडीचा संबंध नाही. व्हिएन्नात राहून आमच्या डोक्यात निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड हे इतकं घट्ट बसलेलं की दुसरं काही असू शकतं असा विचारही आला नाही. इथे रंग फक्त एक वाट दुसरीपासून वेगळी ओळखायला असतो, बास. मला हे ज्ञान ओल्या साखळीला लटकलेलो असताना झालं.

दुसरी चूक म्हणजे ऑफिसातला एक मित्र, आपलाच, ठाण्याचा. तो म्हणाला, "अरे चढ थोडा आहे, उतरताना काहीच नाही, जिथे कातळ आहे तिथे साखळ्या लावल्यात, धरून चालत यायचं, खाली मोठ्ठं तळं, मग डांबरी रस्ता, मग बस." यातला प्रत्येक शब्द सुटा सुटा खरा आहे. त्याच्याबद्दल शेवटी सांगतो.

मी, बायको आणि पुण्याहून आलेला आतेभाऊ. जुलैचा दुसरा आठवडा. व्हिएन्नाहून ब्रातिस्लावा, तिथून ट्रेनने पोप्राद, पोप्रादहून ती छोटी इलेक्ट्रिक ट्रेन श्त्रब्स्के प्लेसोला. प्लेसो म्हणजे तळं. पहिला दिवस तळ्याभोवती फिरण्यात गेला, दुसऱ्या दिवशी हिंत्सोवो तळं आणि त्याच्या वरचं कुओप्रोव्स्की टोक केलं, २,३६३ मीटर, साखळी नाही काही नाही, वरून तळी मस्त दिसतात. जा. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

तिसरा दिवस रिसी. त्याला तीन टोकं आहेत. मधलं सगळ्यात उंच टोक २,५०३ मीटर आणि ते पूर्ण स्लोवाकियात, त्याच्या शेजारचं थोडं बुटकं टोक हद्दीवर आहे आणि तेच पोलंडचं सर्वोच्च ठिकाण. गेर्लाखोव्स्की हे टाट्रातलं सगळ्यात उंच, पण तिथे सर्टिफाइड गाइडशिवाय जायला परवानगीच नाही, त्यामुळे स्वतःच्या पायावर जायचं तर हौशी लोक रिसीच धरतात. नोव्हेंबरपासून साधारण जूनच्या मध्यापर्यंत स्लोवाकियातल्या वरच्या वाटा बंद असतात, त्यामुळे मेच्या सुट्टीत घरचे येणार म्हणून प्लॅन करत असाल तर विसरा.

पहाटेच्या ट्रेनने पोप्रादस्के प्लेसो स्टॉपला उतरलो. तिथून तळ्यापर्यंत डांबरी रस्ता, तासभर, बोअर. तळं १,४९४ मीटरवर. त्याच्या वर सव्वाशे मीटरवर एक फाटा आहे, तिथून लाल पट्टी सुरू. आतेभाऊ म्हणाला, "दादा, हे जवळजवळ कळसूबाईचं टोक झालं की." खरंच, कळसूबाई १,६४६, म्हणजे आपण महाराष्ट्रात जिथे नारळ फोडून फोटो काढतो तिथे यांची चढण सुरू होते. आणि पाट्यांवर किलोमीटर नसतात, तास-मिनिटं असतात. ती वेळ न थांबता चालणाऱ्या स्लोवाक माणसाची आहे. सह्याद्रीत नेहमी जाणाऱ्यांनी त्यात पाव भाग जास्त धरावा, फोटोवाल्यांनी दीडपट.

वरच्या हटला (डोंगरातलं खाण्या-राहण्याचं घर) गाडीरस्ता नाही, रोपवे नाही, सगळा माल हमाल पाठीवर नेतात, लाकडी चौकटीवर एकावर एक खोकी बांधून. आम्हाला एक भेटला, त्याच्या डोक्याच्या वर हातभर माल होता, बिअरचा पिंप, पावाचं खोकं, आणि सगळ्यात वर टॉयलेट पेपरचा गठ्ठा. आम्ही धापा टाकत बाजूला झालो तर तोच आम्हाला हसून नमस्कार करून गेला. फाट्याजवळ ट्रेकर्ससाठी पण छोटं सामान ठेवलेलं असतं, ज्याला जमेल त्याने उचलावं, वर पोचवलं की चहा फुकट. आतेभावाने पाचेक किलोची लाकडं उचलली. पुण्याचा माणूस, फुकट चहा कसा सोडणार.

झाबिए तळ्यांपर्यंत (म्हणजे बेडूकतळी, १,९०० च्या वर) दगडी पायऱ्यांचा नागमोडी चढ, मग एक कडा येतो, तिथे साखळ्या आणि लोखंडी पायऱ्या आहेत. कळसूबाईच्या शिड्या चढलेल्याला हे दहा मिनिटांचं काम. फक्त सकाळी दहानंतर इथे ट्रॅफिक जॅम होतो. हट २,२५० वर, टाट्रातला सगळ्यात उंच. हटला त्यांच्या भाषेत 'खाता' म्हणतात, त्यामुळे बायको दिवसभर "खाता का?" "खातात जाऊन खाऊ" करत होती. लसणाचं सूप घ्या. खाली गावात शाकाहारी लोकांनी हालुश्की (बटाट्याच्या पिठाचे उकडलेले छोटे गोळे, वर चीज) मागवताना "बेझ स्लानिनी" असं स्पष्ट सांगा, नाहीतर चीजवर डुकराच्या चरबीचे तुकडे पेरूनच येतात आणि मग ते निवडत बसा.

हटपासून वाहा खिंड, खिंडीतून टोक, तास-सव्वा तास, धोंडे धोंडे आणि थोडं हात लावून चढणं. बारा वाजता वर. आणि वर जे दिसतं त्याला तोड नाही, पोलंडच्या बाजूला हजार मीटर खाली दोन तळी, वरचं काळंशार आणि खालचं हिरवं, जणू कोणी हौदात बघावं तसं सरळ खाली. आता ग्लेशियर एकही उरलेला नाही पण त्यांनीच ही खोरी आणि तळ्यांचे खड्डे कोरलेत. १८९९ साली मारी क्युरी नवऱ्याबरोबर इथे येऊन गेली होती. या आनंदातच आम्ही गाढवपणा केला. त्याच वाटेने परत जायचं सोडून "चल पोलंडात उतरू, दोन देश होतील" असं मीच म्हणालो. बायको म्हणाली, "वर येणाऱ्यांची तोंडं बघ जरा." मी बघितली नाहीत.

पोलंडची बाजू. टोकापासून मोर्स्किए ओको तळ्यापर्यंत ११०० मीटर उतार, आणि वरच्या भागात साखळ्या. दहा-वीस मीटर नाही, संपली म्हटलं की पुढची, ती संपली की अजून, शेकडो मीटर हेच. चढताना साखळीचा त्रास नसतो कारण पाय कुठे ठेवायचा ते डोळ्यासमोर असतं. उतरताना तोंड कातळाकडे, पाय खाली चाचपडत, आणि खालून वर येणारी रांग. ती रांग संपत नाही, कारण पोलंडचं सर्वोच्च टोक म्हणून अख्खा पोलंड जुलैमध्ये तिथेच असतो. चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं म्हणून आम्ही एका फूटभर रुंद पायरीवर एकदा पंचवीस मिनिटं उभे. एका हाताने साखळी, दुसऱ्याने बायकोच्या सॅकचा पट्टा.

दीडला ढग आले, दोनला पावसाची भुरभुर. आता ग्रॅनाइटबद्दल. आपला सह्याद्रीचा काळा कातळ आणि हा ग्रॅनाइट यात फरक असा की हा कोरडा असताना सॅंडपेपरसारखा खरखरीत, बूट असा धरतो की उगाच हिंमत वाढते. पण त्यावर ठिकठिकाणी दगडफूल चिकटलेलं असतं, तेच, गोड्या मसाल्यातलं भाऊबंद, आणि ते ओलं झालं की साबण. माझा डावा पाय एका साध्या, अगदी सपाट दिसणाऱ्या दगडावरून गेला आणि मी दोन्ही हातांनी साखळीला लोंबकळलो, गुडघा आपटला, आणि त्याच साखळीच्या खालच्या टोकाला एक मुलगी चढत होती तिला असा झोका बसला की तिने पोलिशमध्ये मला जे काही म्हटलं त्याचं भाषांतर लागलं नाही. चूक माझीच. एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत साखळीवर एकच माणूस, हा नियम तिथे शेंबडं पोरही पाळतं. पुढचा टप्पा रिकामा झाला की मगच हात लावायचा. ग्लोव्हज हवेत, सायकलचे अर्ध्या बोटांचे चालतात. हेल्मेट हवंच, वरच्या लोकांच्या पायाखालून दगड येतात. ट्रेकिंग पोल सॅकला बांधून टाका, हातात ठेवले तर शत्रू.

साखळ्या संपल्यावर एक सपाटी येते, तिथे सगळे हुश्श करतात. त्याच्याही खाली बर्फाचा एक पट्टा होता. जुलैमध्ये. सावलीतली बाजू आहे, त्यामुळे बर्फ टिकतो. वीस-पंचवीस पावलं असतील, पण खाली घसरगुंडी सरळ धोंड्यांत. आमच्याकडे मायक्रोस्पाइक्स (बर्फासाठी बुटाला चढवायचे खिळे) नव्हते कारण मित्र म्हणालेला "उन्हाळा आहे रे". एका पोलिश काकांनी बुटाने खाचा पाडल्या आणि आम्ही त्यांच्या मागे बदकांसारखे गेलो. आतेभाऊ, जो अलंग-मदन-कुलंग हसत हसत करून आलाय, तो पलीकडे पोचल्यावर पाच मिनिटं कोणाशी बोलला नाही. मग म्हणाला, "वहिनी, चिक्की आहे का?"

वरचं तळं चार्नी स्ताव, ७६ मीटर खोल, काळंच दिसतं. खालचं मोर्स्किए ओको, म्हणजे समुद्राचा डोळा, टाट्रातलं सगळ्यात मोठं. सुंदर असेल. मी गुडघा बघत होतो. टोकावरून निघून मोर्स्किए ओकोला पोचायला आम्हाला सहा तास लागले, पाटी म्हणते याच्या निम्म्याहून थोडं जास्त.

पावणेसात. इथून पालेनित्साच्या पार्किंगपर्यंत नऊ किलोमीटर डांबरी रस्ता. घोडागाड्या होत्या पण त्या तळ्यापासून दीड-दोन किलोमीटर खालून सुटायच्या, आणि आम्ही पोचलो तेव्हा फक्त शेण उरलेलं. साडेनऊला पार्किंगमध्ये. शेवटची मिनीबस गेलेली. आमचं सामान, खोली, बायकोचं थायरॉइडचं औषध, सगळं डोंगराच्या पलीकडे दुसऱ्या देशात.

एक टॅक्सीवाला उभा होता, आमच्यासारख्यांसाठीच उभा असतो हे नंतर कळलं. सातशे झ्लॉटी म्हणाला, साधारण दीडशे युरोच्या वर. तासाभराच्या रस्त्याला. मी पाचशे म्हटलं, त्याने शांतपणे काच वर केली. बायको म्हणाली, "अहो, बसा गपचूप." सहाशेवर तुटलं आणि त्यातही रोख हवी म्हणून त्याने वाटेत एटीएमला नेलं, त्याचे चार्जेस वेगळे. त्या दिवशी तिघांचं बाकी सगळं खाणं-पिणं-ट्रेन मिळून याच्या निम्मं पण नव्हतं. आजही ते सहाशे झ्लॉटी मला गुडघ्यापेक्षा जास्त दुखतात.

तर. पहिल्यांदा जात असाल तर स्लोवाकियातून वर आणि त्याच वाटेने खाली. साखळ्यांची फारच हौस असेल तर पोलंडातून पहाटे पाचला चढा, स्लोवाकियात उतरा, आणि त्या रात्रीची खोली स्लोवाकियात घ्या. उलटं अजिबात नको, कोरड्या हवेतही नको. दुपारी वीज-पाऊस हा नेहमीचा प्रकार आहे, बारापर्यंत टोकावर नसाल तर जिथे असाल तिथून वळा, लोखंडाला धरून वादळात उभं राहायची जागा नाही ती. हद्दीवर कोणी विचारत नाही, पण पासपोर्ट किंवा रेसिडेन्स कार्ड सॅकमध्ये असू द्या. थोडे झ्लॉटी पण. इन्शुरन्स काढाच, कारण पोलंडात डोंगरातला रेस्क्यू फुकट आहे पण स्लोवाकियात त्याचं बिल येतं, आणि हेलिकॉप्टरचं बिल म्हणजे टॅक्सीवाला देवमाणूस वाटेल. ऑस्ट्रियातले असाल तर आल्पेनफेरआइनची (तिथला गिर्यारोहण क्लब) मेंबरशिप घ्या, त्यात बाहेरच्या देशातला रेस्क्यू येतो. नंबर सेव्ह करा: स्लोवाकिया १८३००, पोलंड ६०१ १०० ३००.

सोमवारी ऑफिसात लंगडत गेलो आणि ठाणेकरला पकडलं. म्हटलं, तू म्हणालास उतरताना काहीच नाही. तो म्हणाला, "नव्हतंच की." मग कॉफी पिता पिता कळलं की महाशय पोलंडातून चढले होते आणि स्लोवाकियात उतरले होते. आणि ते तळं, तो डांबरी रस्ता, ती बस? "ते पण होतं ना, पोप्रादस्के." म्हटलं अरे मग मला पोलंडात उतर म्हणून का सांगितलंस? तर म्हणे, "मी कुठे सांगितलं, तूच म्हणालास पोलंड, मी म्हटलं हो, एकच डोंगर आहे ना."