सत्तरीचा काळा, बार्सेचा हिरवा

वितळलेल्या रसातून थिजलेले अग्निज आणि दाब-उष्णतेने बदललेले रूपांतरित खडक पुस्तकात वेगवेगळ्या पानांवर असतात. गोव्यात मात्र एकाच कुळातले दोन दगड शेजारी ठेवून हा फरक पाहता येतो. सत्तरी तालुक्याच्या ईशान्य टोकाला दख्खनच्या लाव्हाची कड पोचते. तो बेसॉल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. दुसरा दगड बार्से गावाचं नाव मिळालेल्या खडकसमूहातला मेटाबेसॉल्ट, वय 250 कोटी वर्षांहून जास्त. तोही मुळात लाव्हाच. पण पुढे खोल गाडला गेला, दाबाखाली तापला आणि न वितळताच त्यातली खनिजं बदलली. वितळला असता तर पुन्हा अग्निजच झाला असता!

बाहेरच्या सालीवरून काही ठरवू नका. आपल्या पावसात प्रत्येक दगडावर तांबूस-तपकिरी पापुद्रा धरतो. किलोभर वजनाचा हातोडा घ्या, डोळ्यांवर गॉगल लावा, कडेवर एकच जोरदार घाव घाला. ताजा तुकडा पाण्यात भिजवा आणि दहापट भिंगाखाली धरा.

बेसॉल्ट काळा-करडा दिसतो. फेल्डस्पार या खनिजाच्या बारीक काड्या कशाही पडलेल्या, कुठलीच दिशा नाही. मेटाबेसॉल्टमध्ये पायरॉक्सिन या गडद खनिजाच्या जागी ॲक्टिनोलाइट आणि क्लोराइट ही हिरवी खनिजं आलेली असतात, त्यामुळे अख्खा दगड हिरवट होतो. पिस्त्याच्या रंगाचे ठिपके किंवा शिरा दिसल्या तर ते एपिडोट. क्लोराइट मऊ असतं, चाकूची धार ओढली की हिरवट-पांढरी भुकटी निघते. ताज्या बेसॉल्टवर चाकू सहसा घसरतो.

इथेच बरेचजण फसतात. बेसॉल्टमध्ये वायूच्या बुडबुड्यांमुळे उरलेल्या पोकळ्यांतही सेलॅडोनाइट नावाचं हिरवं खनिज भरतं. हिरवेपणा फक्त पोकळीपुरता असेल तर दगड अग्निजच समजा. पोकळ्यांचा आकारही बघा: रूपांतरित दगडात त्या अनेकदा चपट्या, मसुरीच्या डाळीसारख्या दिसतात. पण वाहत्या लाव्हातही बुडबुडे ताणले जातात, म्हणून आजूबाजूचे खनिजकण त्याच दिशेला झोपलेत का, ते तपासा.

दिशा तपासताना एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन बाजू बघायच्या. ही पायरी गाळू नका. पदरांना, म्हणजे एकाच दिशेला झोपलेल्या खनिजांच्या पातळ थरांना, समांतर बाजूवर रेघा दिसतच नाहीत आणि पक्का शिस्टसुद्धा (पातळ पदरांचा रूपांतरित खडक) एकजिनसी वाटतो. नाइस या पट्टेदार रूपांतरित खडकाचंही तसंच. अनमोड घाटातला नाइस सुमारे 340 कोटी वर्षांचा आहे. त्यातही ग्रॅनाइटसारखीच गार (क्वार्ट्झ), फेल्डस्पार आणि अभ्रक, फक्त पट्ट्यांत मांडलेली. चुकीची बाजू पाहिली की तो ग्रॅनाइट म्हणून खपतो.

तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ बेसॉल्टचं आहे. बारीक कणांच्या, बिनपदरी दगडावर छिन्नी हव्या त्या दिशेला चालते. शिस्टवर तीच छिन्नी पदर सोडवत जाते. खडीचंही तेच: पदराच्या दगडाची खडी चपटी निघते, काँक्रीटमध्ये नीट बसत नाही, सिमेंट-पाणी जास्त मागते. गाडी उतरवून घेण्याआधी मूठभर खडी हातात घ्या. निम्मे तुकडे पापडासारखे असतील तर परत पाठवा.

आणि घराच्या भिंतीतला चिरा? जांभा यातल्या कुठल्याच खात्यात बसत नाही. तो खडक कुजून जागच्या जागी उरलेला थर आहे.