एका गुंठ्यात तीन घरं बसवताना: आमच्या ऑफिसची वाटचाल

आमचं ऑफिस छोटंच आहे, मी, माझा पार्टनर, दोन ड्राफ्ट्समन मुलं आणि फाईली फिरवणारे एक काका. पुणे जिल्ह्यात बांधकाम परवान्याचं काम करतो, म्हणजे नकाशा काढणं, ऑनलाईन सबमिट करणं, त्रुटी दूर करणं, जोते तपासणी (पाया जोत्यापर्यंत आला की होणारी पाहणी), शेवटी भोगवटा, म्हणजे घर वापरायचा दाखला. सुरवातीला मिळेल ते काम घ्यायचो, कंपाऊंडचं, शेडचं, कुणाच्या बंगल्याचं. आता मात्र जवळपास सगळं काम छोट्या प्लॉटचं आहे, एक गुंठा दीड गुंठा दोन गुंठे, आणि हे आम्ही ठरवून केलंय. मोठ्या बिल्डरकडे आर्किटेक्टची रांग असते, पण ज्याच्याकडे आयुष्यभराची कमाई घालून घेतलेला एक गुंठा आहे त्याच्याकडे नियम नीट समजावून सांगणारं कुणी नसतं.

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. गुंठ्यातच जमीन विकली जाते, सामान्य माणसाला तेवढीच परवडते. आणि वर्षानुवर्षं कायदा नेमका हाच तुकडा मानत नव्हता. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, शेतीचे इतके बारीक तुकडे होऊ नयेत की ती कसताच येणार नाही, हा त्याचा हेतू, आणि शेतीसाठी तो बरोबरच होता. पण शहर वाढत गेलं, त्याच शेतात घरं उभी राहिली आणि कायदा तिथेच राहिला. लेआऊट, म्हणजे जमिनीच्या प्लॉटचा नकाशा, मंजूर करून प्लॉट पाडायचे तर रस्ते सोडा, ओपन स्पेस सोडा, एनए म्हणजे बिगरशेती करून घ्या, यात जो खर्च आणि वेळ जातो तो प्लॉटच्या भावातच चढतो. मग लोक काय करणार, मालकाकडून नोटरीवर नाहीतर साठेखतावर, म्हणजे विक्रीच्या नुसत्या करारावर, गुंठा घ्यायचा, सातबाऱ्यावर दहा जणांची सामाईक नावं, आणि घर बांधून मोकळे. १२ जुलै २०२१ ला नोंदणी विभागाचं परिपत्रक आलं, मंजूर लेआऊट नसेल तर सर्व्हे नंबरचा असा तुकडा रजिस्टर करायचा नाही. त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या लोकांचे चेहरे बघवत नव्हते. पैसे देऊन झालेले, जमीन ताब्यात, पण कागदावर काहीच नाही आणि कागद नाही म्हणून बँकेचं लोन नाही, मग खाजगी सावकार. घर महाग होतं ते फक्त सिमेंट-स्टीलने नाही हो, या व्याजाने पण होतं आणि हे कुठल्याच एस्टिमेटमध्ये धरलेलं नसतं.

लोक म्हणतात जमीनच कमी आहे म्हणून घरं महाग. मला हे अर्धंच पटतं. जमीन आहे, पण घर बांधायला परवानगी असलेली जमीन कमी आहे. पुणे महापालिकेत २०१७ ला ११ गावं आली, २०२१ ला २३ आली. गाव शहरात आलं म्हणून झोन लगेच बदलत नाही, डीपी म्हणजे विकास आराखडा होईपर्यंत जुन्या प्लॅनमधला ग्रीन झोन, म्हणजे शेतीचा पट्टा, तसाच. तोपर्यंत जेवढी येलो म्हणजे निवासी झोनची जमीन आहे तिच्यावर सगळे तुटून पडतात आणि भाव वाढतो. शेजारी-शेजारी दोन शेतं, मधे नुसता बांध, पण नकाशावर एक पिवळं एक हिरवं, की भावात जमीन-अस्मानाचा फरक. आम्ही रोज झोन दाखले काढतो त्यामुळे हे रोज दिसतं.

आमच्या धंद्याला खरं वळण मिळालं ते डिसेंबर २०२० मध्ये. युडीसीपीआर आली, एकत्रित विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली, मुंबई आणि काही ठराविक भाग सोडले तर अख्ख्या राज्याला एकच रूलबुक. त्याआधी या पालिकेचे डीसी रूल वेगळे, शेजारच्या नगरपरिषदेचे वेगळे, प्रादेशिक योजनेचे आणखी वेगळे, आणि त्यात प्रत्येक टेबलावरच्या साहेबाचा अर्थ वेगळा. एका ऑफिसमध्ये चालणारा जिना दुसरीकडे चालायचा नाही. आता निदान पुस्तक एक आहे, त्रुटी काढली तर कुठल्या कलमाखाली ते विचारता येतं. आमच्यासारख्या ओळखी नसलेल्या छोट्या ऑफिसला याचं महत्त्व किती ते शब्दात सांगणं अवघड आहे.

दुसरी गोष्ट, १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला अटीत बसणारं घर असेल तर परवान्यासाठी वाट बघायची गरज राहिली नाही, नकाशा आणि कागद दाखल करून फी भरली की ती पावतीच परवाना, आणि १५० ते ३०० पर्यंत दहा दिवसात. कागदावर वाचायला छोटी गोष्ट आहे, पण भाड्याच्या घरात राहून बांधकाम करणाऱ्या माणसाचा दर महिना दोन्हीकडून जातो, भाडं पण आणि हप्ता पण.

तिसरी म्हणजे एफएसआयचं, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं त्याचं, गणित सरळ झालं. पूर्वी जिना, पॅसेज, बाल्कनी एफएसआयच्या बाहेर ठेवायचे, वेगळं प्रीमियम भरायचं, मग सगळे बाल्कन्या मोठ्या दाखवायचे आणि नंतर आत घ्यायचे. आता पी लाईन, म्हणजे बाहेरच्या रेषेच्या आत जे काय आहे ते सगळं मोजायचं, आणि त्या बदल्यात निवासीला ६० टक्के अ‍ॅन्सिलरी (पूरक) एफएसआय पैसे भरून घ्यायचा. महापालिका हद्दीत बेसिक १.१ धरला तर एका गुंठ्यावर साधारण १११ चौरस मीटर, त्यावर ६० टक्के म्हणजे अजून ६७ च्या आसपास, मिळून १७८. खाली स्टिल्ट पार्किंग, म्हणजे खांबांमधली मोकळी जागा, ठेवलं आणि वर तीन मजले घेतले तर मजल्याला ५९ चौरस मीटर, जिना-भिंती धरून. मार्जिन, म्हणजे घराभोवतीची मोकळी जागा, सोडून बरोबर बसतं. प्लॉट चौकोनी हवा मात्र, निमुळता असला की डोकं लावावं लागतं. एक मजला स्वतःला, एक भावाला, एक भाड्याने किंवा विकायला, जमिनीचा खर्च तिघात वाटला गेला. एसटीत चालक असलेले एक गृहस्थ आमच्याकडे एकमजली घराचा नकाशा काढायला आले होते, त्यांना हे गणित कागदावर मांडून दाखवलं तेव्हा त्यांनी दोन्ही भावांना फोन करून तिथेच बोलावून घेतलं. त्या कामानंतर आमच्याकडे तोंडी ओळखीने येणारी कामं वाढली, जाहिरात अशी आम्ही कधी केलीच नाही.

पण सगळं सुटलं असं नाही, आणि जे अडतं ते रोज अडतं. सगळ्यात मोठा अडथळा रस्ता. रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असला तर टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकाम हक्क) नाही, प्रीमियम एफएसआय (पैसे भरून घ्यायचा जादा एफएसआय) नाही. आणि सामान्य माणसाचे गुंठे असतात कुठे, सहा मीटरच्या गल्लीतच ना. नऊ मीटरवरचा प्लॉट त्याला परवडत असता तर प्रश्नच नव्हता. फायर, ड्रेनेज, गाड्या ही कारणं खरी आहेत, मी ती उडवून लावत नाही, दहा मजली इमारत सहा मीटरवर मलाही नको. पण चार मजल्याचं घर आणि दहा मजल्याची बिल्डिंग यांना एकाच फूटपट्टीने का मोजायचं?

मग पार्किंग. एका कारची जागा अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर, शिवाय गाडी वळवायला जागा लागते ती वेगळी. तीस चौरस मीटरचं घर घेणाऱ्याच्या पायाखाली त्याच्या घराच्या निम्म्याएवढी जागा गाडीसाठी राखायची म्हटलं तर ते घर स्वस्त होणार कसं. नियमात लहान घरांना पार्किंग कमी लागतं हे चांगलंच आहे, माझं मत आहे की अजून कमी करावं आणि बस-मेट्रोजवळ तर ते मालकावर सोडावं. न्यूझीलंडने २०२० मध्ये मोठ्या शहरांना किमान पार्किंगची अट काढून टाकायला लावली. तिथल्या ऑकलंड शहराने २०१६ मध्ये निवासी जमिनीच्या जवळपास तीन चतुर्थांश भागावर जास्त घरं बांधायला मुभा दिली आणि त्यानंतर जोडघरं, रो हाऊस अशी घरं तिथे खूप वाढली, मोठे टॉवरच पाहिजेत असं काही नाही. आपल्या गुंठ्यांवर हेच तर शक्य आहे.

गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेले गुंठ्यांचे प्लॉट नियमित करायचा, कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात आली, ती कामं आम्ही भरपूर केली. तुकडेबंदीत अडकलेला व्यवहार नियमित करायला आधी बाजारभावाच्या २५ टक्के भरायचे होते ते ५ टक्क्यांवर आले, आणि २०२५ मध्ये निवासी भागातले १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे जुने व्यवहार फुकट नियमित करायचा निर्णय झाला. याचं मी मनापासून स्वागत करतो. फक्त नियमित करणं म्हणजे झालेल्याला मान्यता देणं झालं, उद्या जो गुंठा घेणार आहे त्याला पहिल्या दिवशीच सरळ मार्ग मिळायला पाहिजे, छोट्या प्लॉटचा लेआऊट स्वस्तात आणि लवकर मंजूर व्हायला पाहिजे. तसं झालं तर आमचं गुंठेवारीचं काम बंद पडेल, खुशाल पडू दे.

सध्या आम्ही एक गुंठा, दीड गुंठा, दोन गुंठे अशा मापांचे नमुना नकाशे तयार करतोय, स्टिल्टसह आणि स्टिल्टशिवाय, सहा मीटर रस्त्याचे वेगळे, नऊचे वेगळे. ज्याला पाहिजे त्याने ऑफिसला येऊन बघावेत, बघायची फी नाही. येताना सातबारा, मोजणीची क प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा) आणि झोन दाखला असेल तर आणा, आणि प्लॉट अजून घेतला नसेल तर टोकन द्यायच्या आधी या.