दूध सोडलं, मग अंगावर दूध आलं कसं?

हळदीकुंकवाला मसाला दुधाचा पेला मी हात जोडून परत केला की हा प्रश्न येतोच. मी काम करते त्या सांगलीच्या मार्केट यार्डात येतो, माहेरी तासगावला येतो, मुलीच्या शाळेच्या फाटकाशी येतो. "दूध नाही, दही नाही, तूपसुद्धा नाही, मग बाळाला पाजलंस तरी कसं?" तोच प्रश्न तुम्हीही विचारलात म्हणून सगळंच लिहिते. दोन वाक्यांत सांगितलं की बायका अर्धंच घेऊन जातात, 'अमकीनं दूध सोडलं आणि तिच्या बाळाचं पोट बरं झालं' एवढंच. तेवढं ऐकून कुणी दूध सोडावं असं मला अजिबात वाटत नाही.

धाकटा दीड महिन्याचा असताना त्याच्या शीमध्ये रक्ताच्या बारीक रेघा दिसायला लागल्या. पहिल्यांदा दिसल्या त्या न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींना. त्यांनी दुपटं खिडकीशी नेऊन उजेडात धरलं, पिवळ्या शीमधला चिकट, बुळबुळीत भाग बोटानं दाखवला आणि म्हणाल्या, "हे घरी ठेवायचं दुखणं नव्हं, डॉक्टरकडं न्या." बाळ तर हसत होतं, नीट पीत होतं, वजनही वाढत होतं. मिरजेच्या बालरोगतज्ज्ञांनी आधी शीच्या जागी चीर पडली आहे का ते पाहिलं, शी तपासायला पाठवली, वजनाचा तक्ता नीट बघितला. मग म्हणाले, गाईच्या दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असावी.

मी म्हटलं, त्यानं गाईचं दूध चाखलंसुद्धा नाही. पण मी पीत होते ना! आईनं घेतलेल्या दुधातली केसीन आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन ही प्रथिनं अगदी थोड्या प्रमाणात अंगावरच्या दुधात उतरतात. बहुतेक बाळांना त्याचं काही होत नाही. फक्त अंगावर पिणाऱ्या साधारण दोनशे बाळांत एखाद्याच्या आतड्याला तेवढंही सोसत नाही, आतून सूज येते आणि रक्त पडतं. डॉक्टरांनी पहिली ताकीद दिली ती ही, की अंगावर पाजणं बंद करायचं नाही. दूध बंद करायचं ते मी.

आमचं मूळ गाव भिलवडीच्या अंगाला. त्या पट्ट्यात दारात म्हैस नाही असं घर शोधावं लागेल. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणं हा तिथला दिनक्रम आणि बाळंतिणीला पेलाभर दूध, वर तुपाची धार ही तिथली माया. सासूबाईंना हे पटवणं म्हणजे त्यांची मायाच नाकारणं होतं. त्या म्हणाल्या, गाईचं सोसत नसेल तर म्हशीचं पी. पण म्हशीच्या आणि शेळीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच, शरीराला त्यांत फरक कळत नाही. मग म्हणाल्या, तूप म्हणजे काही दूध नव्हे. त्या दिवशी त्या लोणी कढवत होत्या. तूप गाळून घेतल्यावर पातेल्याच्या बुडाशी तांबूस बेरी उरली होती. मी म्हटलं, आई, दुधातला जो भाग नको आहे तो हाच. गाळलं तरी घरच्या तुपात त्याचा अंश राहतो. त्यांनी बेरी चमच्यानं खरवडून बराच वेळ पाहिली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या भाकरीवर शेंगतेल आलं, तेही त्यांच्याच हातानं.

आणखी एक गैरसमज सगळीकडे भेटतो. 'लॅक्टोज नसलेलं दूध मिळतं की, ते घे.' लॅक्टोज ही दुधातली साखर, आणि ती आईच्या दुधात असतेच, आई काहीही खाओ. त्रास साखरेचा नव्हता, प्रथिनांचा होता, आणि त्या दुधात प्रथिनं असतातच.

खरं चकवतं ते लपलेलं दूध. बिस्किट, खारी, पाव, चॉकलेट, हॉटेलातली भाजी, सत्यनारायणाचा प्रसाद. पाकिटावर अ‍ॅलर्जीच्या पदार्थांची माहिती छापणं आता बंधनकारक आहे आणि त्यात दूध येतं, पण अक्षर मुंगीएवढं. ते वाचायचं काम नवऱ्यानं अंगावर घेतलं. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन हे शब्द त्याला पाठ झाले आणि दुकानदाराला थांबवून तो पाकीट उलटसुलट करून वाचायचा.

रक्त थांबलं. पण डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत आणि हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. दोन ते चार आठवडे बंद ठेवून फरक पडला तर आईनं पुन्हा दूध खाऊन पाहायचं असतं. कारण अशी रेघ काही बाळांत आपोआपही थांबते, आणि मग आई वर्षभर उगाच उपाशी राहते. आमची परीक्षा संक्रांतीला आली. गुळाच्या पोळीवर तूप घेतलं, दही-भात खाल्ला, चहा प्याले. थोड्याच दिवसांत दुपट्यावर पुन्हा रेघ. मला रडू कोसळलं, पण खात्रीही झाली. आता जे करायचं ते कशासाठी करायचं हे कळलं होतं.

आता मूळ प्रश्न. अंगावर दूध येतं ते दूध प्यायल्यामुळे नव्हे. बाळ ओढतं, स्तन रिकामा होतो, मेंदूला निरोप जातो, प्रोलॅक्टिन हे दूध तयार करायला लावणारं संप्रेरक वाढतं आणि पुढचं दूध तयार होतं. जितकं पाजाल तितकं येतं, रात्रीचं पाजणं तर सोडूच नये. गाय तरी कुठं दूध पिऊन दूध देते, असं माझी आई म्हणाली आणि तो विषय तिथंच मिटला. पण आईच्या ताटात कमी पडलं तर शरीर बाळाचं दूध सहसा कमी करत नाही, ते आईच्या अंगातून काढून घेतं. त्या काळात आईच्या हाडांतला कॅल्शियमही काही प्रमाणात उतरतो, पाजणं थांबल्यावर तो बहुतेक भरून येतो. म्हणून 'दूध येतंय ना, मग झालं तर' हे म्हणणं मला मान्य नाही. दूध येत होतं आणि मी वाळत चालले होते, दोन्ही एकाच वेळी.

त्याचं कारण एकटं दूध नव्हतं. दूध डॉक्टरांनी काढलं होतं. बाकीचं घरानं आणि शेजारानं आधीच काढलेलं होतं. हरभरा वातूळ, मटकी वातूळ, कोबी नको, वांगं नको, पेरू-संत्रं थंड, काकडी तर नावच नको. या सगळ्यातून दूध-तूप वजा केल्यावर ताटात राहतं काय? मऊ भात आणि लसणाचं तिखट. आईच्या पोटातला वायू दुधात उतरत नाही. एखाद्या बाळाला एखादी वस्तू खरंच बाधते, ती दिसली तर सोडावी, पण सगळ्या बायकांनी सगळ्या उसळी सोडाव्यात याला आधार नाही. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभरात काय खाता ते सांगा." मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे बघून म्हणाले, "यांना जेवायला घाला."

पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोजच्यापेक्षा ६०० कॅलरी जास्त लागतात असं राष्ट्रीय पोषण संस्थेचं मार्गदर्शन सांगतं. म्हणजे ढोबळ मानानं दोन मध्यम भाकऱ्या आणि मूठभर शेंगदाणे. कॅल्शियम दिवसाला १,२०० मिलिग्रॅम. दुधाशिवाय हे गाठायचं तर रोज ठरवून खावं लागतं. शाळूच्या भाकरीसोबत एक वेळ नाचणीची भाकरी सुरू झाली, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतो. तिळाची चटणी रोज, भाजून कुटलेली. शेवग्याचा पाला पिठल्यात आणि आमटीत. हुलग्याचं माडगं गुळावर. डिंकाच्या लाडवांचा डिंक शेंगतेलात फुलवला, अळीव नारळाच्या दुधात शिजवले. अळिवाची ती खीर सासूबाईंनी पहिल्यांदा नाक मुरडून केली आणि नंतर स्वतःही वाटीभर खाल्ली. अंडी, रविवारचं मटण चालूच होतं. मटकी, हरभरा, चवळी सगळं परत आलं. बाळाला काही झालं नाही.

तरी गोळ्या चुकल्या नाहीत. सरकारी दवाखान्यात बाळंतपणानंतर सहा महिने कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या देतात. दोन्ही एकदम घेऊ नयेत, मध्ये दोन तास तरी जाऊ द्यावेत, नाहीतर लोह अंगी लागत नाही. आणि ज्या घरात अंडं-मटण नाही त्या बायकांना हात जोडून सांगणं आहे. तुमचं ब-१२ जीवनसत्त्व जवळजवळ सगळं दुधा-दह्यातूनच येतं. ते बंद केलं तर डॉक्टरांना विचारून गोळी सुरू केलीच पाहिजे. आईला ब-१२ कमी पडलं तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि बाहेरून लवकर कळत नाही.

मी मार्केट यार्डात हळदीच्या आडत दुकानात हिशेब बघते. बाळ चार महिन्यांचं झालं आणि सौद्यांचा हंगाम सुरू झाला. २०१७च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, कामावर आल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी आहे. पण तो कायदा दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानांना. आमच्याकडे तेवढी माणसं नाहीत. यार्डातल्या, पेठेतल्या किती बायका अशा कायद्याबाहेर राहतात, याचा विचार कुणी करत नाही, याचा मला मनापासून राग येतो. आमचे मालक समजूतदार निघाले हे माझं नशीब, पण आईचं पाजणं मालकाच्या स्वभावावर का अवलंबून असावं?

दुकानाच्या मागे पोत्यांच्या थप्पीआड एक खोली आहे, कडीची. तिथं बसून मी उकळून घेतलेल्या स्टीलच्या डब्यात हातानं दूध काढायचे. आधी कोपरापर्यंत हात साबणानं धुवायचे, कारण सौद्याच्या दिवसांत हळद पापण्यांवरसुद्धा बसते. साध्या हवेत काढलेलं दूध साधारण चार तास टिकतं, पण एप्रिलच्या सांगलीत मी तेवढा विश्वास ठेवला नाही. बर्फाच्या पिशव्या घातलेला छोटा डबा जवळ ठेवला. घरी सासूबाई ते बोंडल्यानं पाजायच्या. दुपारी मात्र रिक्षानं बाळाला घेऊन यायच्या, दहा मिनिटांचं अंतर, आणि मी हिशेबाच्या पट्ट्या अर्ध्यावर ठेवून उठायचे. हमाल लोक तेवढा वेळ मागच्या दाराकडे फिरकत नसत. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

दुपारची भूक भयंकर असते. समोर यार्डातला दुधाचा चहा फिरतोय, कुणीतरी पेढे वाटतंय. मी टेबलाच्या खणात भडंग, गूळ-शेंगदाणे आणि एक लाडू ठेवायचेच. खण रिकामा असला की घरी जाताना चिडचिड व्हायची आणि ती मोठ्या मुलीवर निघायची. तिच्या डब्याचं, वेणीचं काम नवऱ्याकडे गेलं ते तेव्हापासून. गुढीपाडव्याला तिनं श्रीखंडाची वाटी माझ्यासमोर न खाता स्वयंपाकघरात नेली. मी तिला परत बोलावून शेजारी बसवलं. तिनं माझ्यासाठी लपून खावं, असं मला नको होतं.

श्रावण आला तेव्हा सोमवारचा प्रश्न निघाला. माझे लग्नापासूनचे सोमवार. सासूबाईच म्हणाल्या, "तू जेव. तुझे सोमवार मी धरते." त्या स्वतःचे धरून होत्याच, वर माझ्या नावानं संध्याकाळी वेगळा दिवा लावायच्या. घरातली बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते ही रीत आमच्याकडे त्या वर्षी मोडली, आणि ती मोडणाऱ्या त्याच.

बाळ वर्षाचं झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्यानं मी आधी दूध घातलेली बिस्किटं खाल्ली, मग दही, मग चहा. प्रत्येक वेळी काही दिवस थांबून शी बघायची. काही झालं नाही. मग त्याच क्रमानं त्याला. या प्रकारची बहुतेक बाळं वर्षाच्या आसपास यातून बाहेर पडतात. ज्या बाळाला दुधानं अंगावर गांध्या येतात, ओठ सुजतात किंवा धाप लागते, त्याची गोष्ट वेगळी. त्याला घरी काही चाखवून बघायचं नाही, तसं कधी झालं तर सरळ दवाखाना गाठायचा. आमचा धाकटा आता ताक-भात खातो. मला मात्र दुधाची चव राहिली नाही, म्हणून हळदीकुंकवाचा पेला अजून परत जातो. दुसरं काही कारण नाही.

मध्ये यार्डातल्या एका हमालाची सून दुकानात आली. तिचं बाळ रोज संध्याकाळी रडतं म्हणून तिनं माझी गोष्ट कुणाकडून तरी अर्धीच ऐकून दूध सोडलं होतं, मग डाळ, मग भाजी. शीमध्ये रक्त नाही, वजन छान वाढलेलं. मी तिला खणातला लाडू दिला आणि बाळाच्या वजनाचं कार्ड घेऊन दवाखान्यात जायला सांगितलं. डॉक्टरांनी बाळाला तपासलं आणि तिला काहीही बंद करायला सांगितलं नाही.